नुसत्या फ्लेवरचा हिशेब

“त्यात काय आहे? नुसता फ्लेवर आहे.”

वेपचा विषय काढला की अठरा-वीस वर्षांच्या पोरांकडून पहिलं उत्तर हेच येतं. आंबा, कलिंगड, लिची, पुदिना, कधी चक्क गुलाब. सिगारेट वाईट, गुटखा घाणेरडा, हुक्का जुन्या लोकांचा. वेप मात्र नुसता फ्लेवर. ही समजूत पोरांपुरती राहिली असती तर मी लिहायला बसलो नसतो. ती आता त्यांच्या अब्बा-अम्मीपर्यंत पोचली आहे. “निदान सिगारेट तरी ओढत नाही” हे समाधान मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत ऐकलं आहे. सिगारेटचा वास कपड्यांना चिकटतो, बोटं पिवळी पडतात, आई लगेच ओळखते. वेपनंतर खोलीत आइस्क्रीमच्या दुकानासारखा वास येतो आणि दहा मिनिटांत तोही जातो.

या ‘नुसत्या फ्लेवर’चा हिशेब मांडायचा असेल तर आधी तो यंत्रात तयार कसा होतो हे पाहावं लागेल. नशेविरुद्धच्या आपल्या भाषणांत हा भाग कधीच नसतो. तिथे ‘वाईट आहे, सोडा’ एवढंच असतं. पोरं यंत्राबद्दल आपल्यापेक्षा दहापट जास्त जाणतात, त्यामुळे आपलं बोलणं एका कानानं ऐकून सोडून देतात.

वेपच्या नळीत तीन गोष्टी असतात: बॅटरी, धातूच्या तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, आणि त्या कॉइलला टेकलेली कापसाची वात. वात द्रवात भिजलेली असते. बटण दाबलं किंवा नुसतं ओढलं की तार तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते, ती थंड होताना अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि ते थेंब आपण छातीत घेतो. हा ढग पाण्याच्या वाफेचा नसतो. द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यांत सुगंधी रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन विरघळवलेलं असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ, १८८ अंश सेल्सिअसला उकळणारं. ते सुगंध चांगला वाहून नेतं आणि घशाला जरा खवखव देतं. ग्लिसरीन घट्ट, अंगचंच गोडसर, २९० अंशांना उकळणारं. त्याचा ढग दाट होतो, पण सुगंधाची धार त्यात बोथट होते. बाटलीवर ५०/५० किंवा ७०/३० असं लिहिलेलं असतं ते या दोघांचं प्रमाण.

आता चवीचं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. आंबा की अननस हे ठरवतं नाक. तोंडातून मागच्या वाटेनं वर चढणारा वास आपण ‘चव’ म्हणून ओळखतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते यामुळेच. म्हणजे वेपची चव ही खरं तर नाकाला मिळालेल्या सुगंधी रेणूंची संख्या आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, व्हॅनिलाचा व्हॅनिलिनचा, बुढ्ढी के बाल खाताना येणारा जळकट गोड वास बराचसा इथाइल माल्टॉलचा. रेणू किती आले, किती गरम आले आणि किती हवेत मिसळून आले, यावर सगळी चव ठरते. आणि हे तिन्ही यंत्राच्या हातात असतं.

याचं प्रात्यक्षिक मला शारजात मिळालं. भाचा तिथे नोकरीला आहे. आमच्या खेड तालुक्यातली अर्धी पोरं आखातातच असतात, त्यात नवल काही नाही. संयुक्त अरब अमिरातीनं २०१९ च्या एप्रिलपासून वेपच्या विक्रीला परवानगी दिली आहे, त्यामुळे तिथे हा मामला उघड दुकानातला. त्याच्या खिडकीच्या कठड्यावर तीन यंत्रं ओळीनं उभी होती. मी तंबाखूच्या कुठल्याच प्रकाराला हात लावत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी मी विचारलं, “तीन कशाला रे?” तर तो खुलला.

“मामू, चव प्रत्येकात वेगळी लागते. बघा तुम्ही.”

मग त्यानं आंब्याची एकच बाटली घेतली, मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिनची, आणि तिन्ही यंत्रांत भरली. पहिलं होतं पॉड, पेनड्राइव्हपेक्षा थोडं मोठं. दुसरी मधल्या आकाराची टाकी, बारीक छिद्राची. तिसरं हातात मावेल न मावेल असं धूड, दोन बॅटऱ्यांचं, रुंद तोंडाचं. पॉडमधला आंबा त्याला लांबून आल्यासारखा लागला, आंबापोळीचा कागद हुंगावा तसा. मधल्या टाकीत म्हणे देठाजवळचा आंबटसर वासही ओळखू आला. मोठ्या यंत्रात तोंडभर आमरस, पण देठाचा वास गेला आणि राहिला नुसता गोडवा. पोरगा हापूसच्या मुलखातला, त्यामुळे त्याची जीभ मला विश्वासार्ह वाटली. (खऱ्या आंब्याशी ताडून बघ म्हटलं तर हसला. “त्याची बात वेगळी, मामू.”)

त्यानं कारणंही सांगितली आणि ती बरोबर होती. पॉडची कॉइल १ ओहमची. बॅटरीचा दाब ३.६ व्होल्ट धरला तर शाळेतल्या सूत्राप्रमाणे, दाबाच्या वर्गाला रोधानं भागून, जवळपास १३ वॅट निघतात. मोठ्या यंत्राची कॉइल ०.२ ओहमची, त्याच दाबाला ६५ वॅट. पाचपट ताकद. ती तार साध्या वेटोळ्याची नसून जाळीची पट्टी होती. जाळी वातीला जास्त जागी टेकते आणि एकसारखी तापते, म्हणून एका झुरक्यात जास्त द्रव उडतो. हवेच्या फटीचाही खेळ आहे. फट अरुंद असली तर थोड्या हवेत दाट सुगंध येतो, सिगारेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत. फट रुंद असली तर हुक्क्यासारखं थेट छातीत ओढता येतं, ढग मोठा होतो, पण हवाही भरपूर मिसळते. फळांचे हलके सुगंध कमी तापमानाला उडतात आणि जास्त तापवलं की त्यांची घडी विस्कटते. कस्टर्ड, कॉफी, तंबाखू यांसारखे जड वास तापल्यावरच खुलतात. म्हणून शौकीन लोक आंब्याला एक वॅट आणि कस्टर्डला दुसरा वॅट लावतात. तारेपासून ओठांपर्यंतचं अंतरही धरलं जातं. काही यंत्रांत द्रव थेंबाथेंबानं थेट कॉइलवर टाकतात आणि कॉइल तोंडाच्या अगदी खाली असते. चवीचे दर्दी त्यालाच सर्वात वरचा नंबर देतात.

हे सगळं ऐकताना मला मोहम्मद अली रोडवरचे अत्तरवाले आठवले. तेही सांगतात की एकच अत्तर कापसाच्या फायावर वेगळं, कागदावर वेगळं आणि मनगटावर वेगळं बोलतं. दर्दीपणा हा माणसाचा जुना स्वभाव आहे आणि मला त्याचं वाकडं नाही. पण अत्तर मनगटावर राहतं.

त्या दिवशी मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती भाच्याच्या व्याख्यानात नव्हती. असरच्या सुमारास तिन्ही यंत्रं काठोकाठ भरली होती. मगरिबपर्यंत मोठ्या यंत्राची टाकी तळाला गेली. पॉड दुसऱ्या दिवशी सकाळीही पाऊण भरलेलं होतं. लहान यंत्राच्या एका झुरक्यात काही मिलिग्रॅम द्रव उडतो, मोठ्याच्या एका झुरक्यात त्याच्या कितीतरी पट. ‘तोंडभर आमरस’ कशामुळे, तर द्रवच तेवढा जास्त आला म्हणून. सुगंधाच्या प्रत्येक रेणूसोबत त्याच थेंबात निकोटिन होतं, ग्लिसरीन होतं, आणि तापलेल्या तारेवर त्यांचं जे काही झालं असेल तेही होतं. बाटली तीच, लेबल तेच, ३ मिलिग्रॅमचा आकडा तोच. मात्रा मात्र यंत्रानं ठरवली.

आता एक हिशेब करून बघू. मोठं यंत्र वापरणारा ३ मिलिग्रॅमचं १२ मिलिलिटर द्रव दिवसात संपवतो असं धरा. उडालं ३६ मिलिग्रॅम निकोटिन. पॉडवाला २० मिलिग्रॅमचं २ मिलिलिटर संपवतो. उडालं ४० मिलिग्रॅम. दोघांच्या बाटल्यांवरच्या आकड्यांत जवळपास सातपट फरक, आणि दिवसाचा हिशेब जवळजवळ सारखा. उडालेलं सगळंच रक्तात जात नाही, हे खरं. पण ‘माझं तर फक्त तीनचं आहे’ म्हणणारा स्वतःला काय समजावतो आहे ते यावरून कळावं. खवय्याला जसं वाटीपेक्षा किती वाट्या हे विचारावं लागतं, तसंच इथे.

चव वाढवण्याची प्रत्येक युक्ती मात्रा वाढवते असं मात्र मी म्हणणार नाही. जुनी, राब चढलेली कॉइल बदलली, वात नवी घातली, फट थोडी आवळली, तर द्रव फारसा जास्त न उडताही चव सुधारते. राब मुख्यतः गोडीसाठी घातलेल्या सुक्रालोजचा असतो; तो तारेवर करपून बसतो. कोरड्या वातीवर ओढलं तर जो करपट झटका बसतो, तो तर टाळलेलाच बरा, कारण द्रव कमी आणि ताप जास्त झाला की फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ वाढतात. इथे जिभेचा इशारा आणि शरीराचं हित एकाच बाजूला असतात. हे एक ठिकाण सोडलं तर चवीनं इशाऱ्याचं तोंड बंद करण्याचंच काम केलं आहे.

निकोटिन मुळात घशाला चावतं. पहिली सिगारेट ओढणारा खोकतो ते शरीराचं सरळ उत्तर असतं. जुन्या वेपच्या द्रवातही निकोटिन कच्च्या, अल्कधर्मी रूपात असायचं. जास्त घातलं की घसा जळायचा, म्हणून माणूस आपोआप थांबायचा. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल बाजारात आलं आणि हे चित्र बदललं. त्यात निकोटिनला बेन्झोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार केला होता. त्यामुळे चावा गेला आणि मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमइतकं निकोटिनही गुळगुळीतपणे आत जाऊ लागलं. वर आंबा आणि पुदिना. युरोपीय संघात २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा असल्यामुळे तिथे त्याच कंपनीला तेवढं विकता आलं नाही. पाठोपाठ थंडावा देणारी रसायनं आली. त्यांना पुदिन्याचा वास नसतो, नुसती बर्फासारखी गारवट लागते. ‘आइस’ नावाच्या सगळ्या फ्लेवरांत हीच असतात. गोडी, गारवा आणि आम्लाची जोड असली की घशाला तक्रार करायला जागाच उरत नाही.

म्हणून मला लहान यंत्राची जास्त भीती वाटते. मोठ्या धुडाचा ढग लपत नाही, ते बाळगायला पैसे लागतात, शौक लागतो. लहान यंत्राची चव भाच्याला ‘लांबून आल्यासारखी’ लागली ती ३ मिलिग्रॅमच्या द्रवानं. पण पोरांच्या हातात जे वापरून फेकायचं वेप असतं, त्यातल्या द्रवात सुगंधही दाट भरलेला असतो आणि निकोटिनही. कमी वॅटात तोंडभर चव द्यायची तर दुसरा उपाय नाही. म्हणजे मोठं यंत्र जे प्रमाण आकारमानानं गाठतं, ते लहान यंत्र दाटपणानं गाठतं.

फ्लेवर खाण्यायोग्य आहे म्हणून निर्धोक आहे, हाही युक्तिवाद पोरं करतात. “मिठाईत घालतात तोच इसेन्स आहे.” असेल. पण पोटाला जे चालतं ते फुफ्फुसाला चालेलच असं नाही. लोण्याचा वास देणारं डायअसिटिल अनेक खाद्यपदार्थांत असतं. २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, जास्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना श्वासनलिका आखडण्याचा भयंकर आजार झाल्याचं उघडकीला आलं. ते लोक तो वास खात नव्हते, दिवसभर हुंगत होते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये वेपच्या द्रवात डायअसिटिल वापरायला आता बंदी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांत मृत ६८. मुख्य आरोपी ठरलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, तेही बहुतांशी गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रवात घट्टपणासाठी मिसळलेलं. गोळीतून पोटात गेलं असतं तर कुणाला काही झालं नसतं.

इथे थोडं मागं जाऊ, कारण ही वाद घालायची पद्धत आपल्याकडे चारशे वर्षं जुनी आहे. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्यानं आदिलशाही मुलखात पहिल्यांदा पाहिलेली तंबाखू सोबत आणली. बादशहापुढे ठेवली ती नुसती नाही. जडावकाम केलेली चिलीम, तोंडाशी येमेनी अकीक, असा साग्रसंगीत थाट करून. आपल्या वृत्तान्तात तो स्वतःच हे मोठ्या कौतुकानं लिहितो. बादशहानं दोनचार झुरके घेतले. हकिमानं मना केलं. म्हणाला, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा पत्ता नाही, मग गुण कसे सांगायचे? असद बेगनं उत्तर दिलं की फिरंगी लोक ती वापरतात आणि त्यांच्यातही शहाणे आहेत. अकबरानं पुढे ती सवय लावून घेतली नाही. दरबारातल्या अमीरांनी मात्र घेतली आणि व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली. १६१७ मध्ये जहांगीरला बंदीचं फर्मान काढावं लागलं. त्याचा काय परिणाम झाला हे आपल्या पानपट्ट्या सांगतातच. त्याच काळात धूर पाण्यातून नेण्याची युक्ती आली. तिचं श्रेय हकीम अबुल फतह गिलानीला दिलं जातं. ‘पाण्यानं धुऊन निघतो’ हा दिलासा त्या हुक्क्याबरोबर आजवर चालत आला. आज वेपवाला ‘धूर नाहीच, वाफ आहे’ म्हणतो, ते त्याचंच नवं रूप आहे.

वेपची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख भाषण होईल. जो माणूस वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढतो, त्याच्यासाठी वेप हा कमी वाईट मार्ग आहे, याबद्दल ब्रिटनच्या आरोग्यसेवेला शंका नाही. ती सेवा सिगारेट सोडवण्यासाठी वेप सुचवते. कॉक्रेनच्या आढाव्यातही निकोटिनच्या वेपनं सिगारेट सुटण्याचं प्रमाण पट्टी किंवा च्युइंगमपेक्षा जास्त आढळलं आहे. अशा माणसाला मोठ्या यंत्रातला आमरस तंबाखूच्या चवीपासून लांब नेतो, आणि ते त्याच्या भल्याचंच. माझा भाचाही आधी सिगारेट ओढायचा. त्यामुळे शारजात मी त्याला काही बोललो नाही. आपानं बोलायला सांगितलं होतं तरी. पण ज्यानं आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही त्या सोळा वर्षांच्या पोराला हाच आमरस उलट्या दिशेनं नेतो. यंत्र तेच, द्रव तोच, बाकी सगळं वेगळं. ‘ब्रिटनमध्ये डॉक्टर सांगतात’ हे वाक्य पोरं अर्धंच ऐकतात. त्याच ब्रिटननं वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घातली आहे.

आपल्याकडे तर सगळ्याच वेपवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळंच गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर तीन वर्षं आणि पाच लाख. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. मी या बंदीच्या विरोधात नाही. पण सिगारेट आणि बिडी कोपऱ्याकोपऱ्यावर राजरोस मिळत असताना तिला नैतिक वजन फार उरत नाही, आणि २०१२ मध्ये गुटखाबंदी केलेल्या महाराष्ट्रात पुड्या कुठून मिळतात हे शाळकरी पोरगाही सांगेल. वेपचंही तेच झालं. माल येतो. मुंबईत, पुण्यात, भिवंडीत, संभाजीनगरात येतो. आखातातून येणाऱ्या बॅगेत खजूर आणि अत्तराच्या कुप्यांमध्ये तोही असतो, आणि आणणाऱ्याला आपण कायदा मोडतोय याची जाणीवही नसते.

चोरट्या बाजाराचा खरा तोटा हिशेबाचा आहे. युरोपात दुकानातून घेतलेल्या वेपमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नाही. तिथला ग्राहक निदान लेबल वाचू शकतो. आपल्याकडच्या पोराच्या हातातल्या रंगीत डबीवर काय असतं? फळाचं चित्र, ‘आइस’ आणि ‘५००० पफ’. पफ हे कुठलं माप झालं? भाच्याच्या खिडकीतल्या तीन यंत्रांच्या एकेका पफमध्ये किती फरक होता ते वर आलंच आहे. कधी बारीक अक्षरात ‘५ टक्के’ असतं आणि पोरं ते ‘फक्त पाच टक्के’ असं वाचतात. पाच टक्के म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, युरोपच्या मर्यादेच्या अडीचपट. असं १० मिलिलिटर डबीत असेल तर ५०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते सुमारे एक ते दीड मिलिग्रॅम.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी एका अंगानं पुढे आला. एका मुलानं मला विचारलं, “निकोटिन नसलेलं वेप रोज्यात चालेल ना? त्यात खाणं-पिणं नाही, नुसती चव.” प्रश्न खोडकर वाटला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. मी मुफ्ती नाही. पण ज्या घरात रोजा ठेवून हंडी शिजवली जाते त्या घराला चव आणि गिळणं यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. गरज असेल तर जिभेच्या टोकावर मीठ चाखून थुंकून टाकायची मुभा आहे. अत्तराचा वास आला म्हणून रोजा तुटत नाही. मुद्दाम आत ओढलेल्या धुराला मात्र जुन्या हनफी फकीहांनीही माफ केलेलं नाही, मग तो ऊदाचा का असेना, कारण धुराला शरीर असतं. वेपच्या ढगालाही शरीर असतं. ते मोजता येतं. टाकीतून जेवढं कमी झालं तेवढंच त्याचं वजन. मुलाला मी एवढंच सांगितलं, घरात सोनाराचा काटा असेल तर डबी इफ्तारनंतर एकदा तोल आणि सहरीला पुन्हा तोल. जो फरक येईल तो तुझा ‘नुसता फ्लेवर’.

आई-बापांनीही ‘कोणता फ्लेवर आहे’ हे विचारणं सोडावं. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, कॉइल किती ओहमची, आणि एक डबी किती दिवस पुरते, हे विचारावं. पोरगं आधी चकित होईल, मग खरं सांगेल, कारण यंत्राबद्दल बोलायला त्याला आवडतं. माझा अनुभव तरी असाच आहे. पोरांशी यंत्रावर बोलायला लागलो की अर्ध्या तासात ती स्वतःच दिवसाचा आकडा मोजायला लागतात आणि मग जरा गप्प होतात.

आणि एक मागणी सरकारकडे. पोलीस आणि कस्टम लाखोंचा माल पकडतात, पेपरात डब्यांच्या ढिगाचा फोटो येतो, पुढे तो माल नष्ट होतो. नष्ट करण्याआधी प्रत्येक साठ्यातल्या चारदोन डब्या प्रयोगशाळेत पाठवा. त्यात निकोटिन किती, डायअसिटिल आहे का, गोडी आणि गारवा कशाचा, कॉइल किती ओहमची आणि एका झुरक्यात किती द्रव उडतो, हे तपासा आणि डबीच्या फोटोसकट मराठीत, उर्दूत आणि हिंदीत जाहीर करा. शाळेच्या फळ्यावर लावा, मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावा. जी डबी पोराच्या खिशात आहे तिचाच आकडा त्याला समोर दिसू दे.